मुलाचं रॅगिंग होत असेल तर आईवडिलांनी काय करावं? तक्रार कुठे, कायदा काय, हक्क कोणते : सविस्तर माहिती

कोराडी : बारावी झाली की कोराडी, महादुला, खापरखेडा, सावनेर, पारशिवनी भागातली पोरं-पोरी शिकायला बाहेर पडतात. कुणी नागपुरात, कुणी वर्ध्याला, कुणी थेट पुण्या-मुंबईला. घरात पहिल्यांदाच कुणीतरी इंजिनिअरिंगला किंवा मेडिकलला लागलेलं असतं. वसतिगृहात सामान ठेवून आईवडील परत येतात. पुढे फोनवर पोरगं नीट बोलत नाही, "बरं आहे" एवढंच म्हणतं, मधेच पैसे मागतं, घरी यायची घाई करतं. यामागे रॅगिंग असू शकतं.

अशा वेळी बहुतेक घरांत एकच बोलणं होतं. "जाऊ दे, पहिलं वर्ष आहे, निघून जाईल." "तक्रार केली तर सीनियर अजून त्रास देतील." "वर्ष वाया जाईल." ही भीती खरी आहे. पण कायदा पालकांच्या हातात काय देतो, हे माहीत नसल्यामुळे ती जास्त मोठी होते. म्हणून ही माहिती एका जागी देत आहोत. गरज पडेल तेव्हा उघडता यावी म्हणून जपून ठेवा.

रॅगिंग कशाला म्हणतात?

महाराष्ट्रात रॅगिंगसाठी वेगळा कायदा आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९. या कायद्यात रॅगिंगची व्याख्या बरीच मोठी आहे. ज्या वागण्यामुळे विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होते किंवा होऊ शकते, भीती, लाज किंवा अपमान वाटतो, ते रॅगिंग. चिडवणं, शिवीगाळ, धमकी, मारहाण, खोडसाळपणा हे त्यात येतंच. शिवाय जी गोष्ट विद्यार्थी एरवी स्वतःहून करणार नाही, ती त्याला करायला लावणं हेही रॅगिंगच आहे. रात्रभर उभं ठेवणं, सीनियरचे जर्नल लिहून घेणं, कपडे धुवायला लावणं, पैसे उकळणं, सगळं आलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, हा कायदा संस्थेच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे लागू आहे. "आमच्या आवारात झालं नाही, भाड्याच्या खोलीवर झालं" असं म्हणून कॉलेजला हात झटकता येत नाहीत. वसतिगृह आणि शिकवणी वर्गसुद्धा या कायद्यात शैक्षणिक संस्था म्हणून धरले आहेत. दुसरी, फक्त हात उचलणाराच दोषी नाही. जो प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष रॅगिंग करतो, त्यात सामील होतो किंवा चिथावणी देतो, तो प्रत्येक जण कायद्याच्या कचाट्यात येतो.

यासोबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, २००९ चे रॅगिंगविरोधी विनियम देशभरातल्या कॉलेजांना लागू आहेत. २०१६ मध्ये त्यात भर घातली गेली. जात, धर्म, रंग, लिंग, भाषा, गाव, दिसणं किंवा घरची गरिबी यावरून त्रास देणं किंवा वाळीत टाकणं हेही रॅगिंग ठरवलं गेलं. "खेड्यावरून आला", "कोट्यातून आली", "इंग्रजी येत नाही" म्हणून रोज टोचून बोललं जात असेल तर ती निव्वळ थट्टा नाही. वैद्यकीय कॉलेजांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे वेगळे विनियम आहेत.

शिक्षा काय?

राज्याच्या कायद्यानुसार रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला कॉलेजमधून काढून टाकलं जातं आणि पुढची पाच वर्षं दुसऱ्या कोणत्याही शिक्षण संस्थेत प्रवेश मिळत नाही.

कोर्टाचा निकाल यायला वेळ लागतो. पण यूजीसीच्या नियमांखाली कॉलेज स्वतःच बरंच काही करू शकतं. वर्गातून निलंबन, वसतिगृहातून हकालपट्टी, परीक्षेला बसू न देणं, निकाल रोखणं, शिष्यवृत्ती थांबवणं, एक ते चार सत्रांसाठी काढून टाकणं, प्रवेश रद्द करणं. कोणी केलं ते नेमकं ठरत नसेल तर सामूहिक कारवाईचीही तरतूद आहे.

प्राचार्यांवर काय बंधन आहे?

पालकांनी सगळ्यात आधी समजून घ्यायचा मुद्दा हाच आहे.

राज्याच्या कायद्यात कलम ६ आहे. विद्यार्थी, आईवडील, पालक किंवा शिक्षक यांच्यापैकी कोणीही लेखी तक्रार दिली, की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार लगेच पोलीस ठाण्याला पाठवायची. तथ्य दिसलं नाही तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. म्हणजे मुलगा घाबरून सही करत नसेल तरी आईवडील स्वतःच्या नावाने अर्ज देऊ शकतात, आणि "बघतो, करतो" हे तोंडी उत्तर कायद्यात बसत नाही.

पुढे कलम ७ आहे. प्राचार्यांनी वरीलप्रमाणे कारवाई केली नाही किंवा टाळाटाळ केली, तर त्यांनी रॅगिंगला साथ दिली असं मानलं जातं. दोषी ठरल्यास त्यांनाही रॅगिंग करणाऱ्याइतकीच शिक्षा आहे.

यूजीसीचे विनियम आणखी कडक आहेत. रॅगिंगची माहिती मिळाली आणि त्यात फौजदारी गुन्हा दिसत असेल, तर संस्थाप्रमुखाने २४ तासांत पोलिसांत एफआयआर द्यायचा. जिल्हास्तरीय रॅगिंगविरोधी समितीला आणि विद्यापीठालाही लगेच कळवायचं. पोलिसांची वाट न पाहता कॉलेजची स्वतःची चौकशी आणि कारवाई सात दिवसांत संपवायची.

सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २००७ च्या आदेशात हे आधीच सांगितलं होतं. कॉलेजच्या कारवाईवर पीडित किंवा पालक समाधानी नसतील तर कॉलेजने एफआयआर दिलाच पाहिजे. पालकांनी स्वतः थेट पोलिसांत तक्रार केली, म्हणून कॉलेजची जबाबदारी संपत नाही. हा आदेश सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या समितीच्या अहवालानंतर आला होता.

लेखी का? पायल तडवी प्रकरण काय सांगतं

जळगावची डॉ. पायल तडवी ही तडवी भिल्ल या आदिवासी समाजातली मुलगी. मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात ती स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिने आत्महत्या केली. वरिष्ठ डॉक्टर जातीवरून आणि कामावरून सतत छळत होत्या, असा कुटुंबाचा आरोप आहे. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर आत्महत्येस प्रवृत्त करणं, अॅट्रॉसिटी कायदा आणि १९९९ चा रॅगिंग कायदा अशा कलमांखाली गुन्हा दाखल झाला, अटक झाली. त्याच वर्षी जुलैत बाराशेहून अधिक पानांचं आरोपपत्र दाखल झालं आणि ऑगस्टमध्ये तिघींना मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला.

या प्रकरणात सुरुवातीलाच एक वाद पुढे आला. कुटुंबाचं म्हणणं होतं की आम्ही आधीच त्रासाबद्दल सांगितलं होतं. कॉलेज प्रशासनाचं म्हणणं होतं की लेखी तक्रार आलीच नाही. गावाकडची माणसं साहेबाला भेटून, हात जोडून सांगतात आणि विश्वासाने परत येतात. नंतर त्या भेटीचा पुरावा कुठेच राहत नाही. कलम ६ मध्ये "लेखी तक्रार" असेच शब्द आहेत. सात दिवसांची घड्याळ अर्जाच्या तारखेपासूनच सुरू होते.

दुसरी गोष्ट मोबाइलची. या तपासात पायलच्या मोबाइलमधून चिठ्ठीचे फोटो पोलिसांना मिळाले आणि ते पुराव्यात आले. मोबाइल किती महत्त्वाचा असतो ते यावरून समजा.

पायलची आई आबेदा तडवी आणि हैदराबादच्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघींनी २०१९ मध्येच सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. उच्च शिक्षण संस्थांतला जातीय भेदभाव रोखण्यासाठी ठोस यंत्रणा हवी, ही त्यांची मागणी.

पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

१. पोराला आधी ऐकून घ्या. "तू का गप्प राहिलास", "तूच काही केलं असशील" असं बोलू नका. तो घाबरलेला असेल, झोपत नसेल, जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल तर त्याला एकटं ठेवू नका. तिथून घरी आणा किंवा जवळच्या नातेवाईकाकडे ठेवा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो. अभ्यास, हजेरी, फी हे सगळं नंतर बघता येतं.

२. लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवा. नागपुरात मेयो किंवा मेडिकल, नाहीतर जवळचं सरकारी रुग्णालय. डॉक्टरला खरं कारण सांगा आणि एमएलसी नोंद करायला सांगा. "पडलो" असं सांगितलं तर तेच कागदावर येतं आणि पुढे तेच आडवं येतं.

३. पुरावा जपा. व्हॉट्सअॅप ग्रुपमधले मेसेज, कॉल रेकॉर्डिंग, फोटो, यूपीआयने पाठवलेले पैसे. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. मूळ मोबाइल फॉरमॅट करू नका, विकू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ मोबाइल हाताशी असलेला बरा.

४. तारीखवार टिपण लिहा. कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे, कोणी, काय केलं, कोणी पाहिलं. पोराच्याच शब्दांत लिहा. सीसीटीव्ही असेल तर ते चित्रण जपून ठेवा म्हणून अर्जात लिहून मागा, कारण जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं.

अर्ज असा लिहा

साध्या कागदावर, मराठीत लिहिला तरी चालतो. वकील लागत नाही.

"प्रति, मा. प्राचार्य (कॉलेजचं नाव). विषय : रॅगिंगबाबत तक्रार. मी (नाव), राहणार (गाव, तालुका), आपल्या संस्थेत (वर्ग, शाखा) शिकणाऱ्या (मुलाचं/मुलीचं नाव) याचा/हिचा पालक आहे. दिनांक ... पासून वसतिगृहात/वर्गात/बाहेर पुढील व्यक्तींनी पुढीलप्रमाणे त्रास दिला : (तारीखवार घटना, नावं, साक्षीदार). महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ च्या कलम ६ नुसार सात दिवसांत चौकशी करून आरोपींना निलंबित करावे, यूजीसी विनियम २००९ नुसार पोलिसांत एफआयआर द्यावा, माझ्या पाल्याला संरक्षण द्यावे आणि दिनांक ... चे सीसीटीव्ही चित्रण जतन करावे. केलेली कारवाई मला लेखी कळवावी. दिनांक, सही, मोबाइल नंबर."

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच घ्या. पोच देत नसतील तर भांडत बसू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा, कॉलेजच्या ईमेलवरही टाका. पोस्टाची पावती हीच पोच. एक प्रत विद्यापीठाच्या कुलसचिवांना आणि एक जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा, कारण जिल्ह्याच्या रॅगिंगविरोधी समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात.

नाव उघड न करता तक्रार

राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा टोल फ्री नंबर १८००-१८०-५५२२. चोवीस तास सुरू असतो. नाव न सांगताही तक्रार करता येते. तक्रार क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. इथून तक्रार थेट कॉलेजला आणि पुढच्या यंत्रणेला जाते.

हा मार्ग नागपुरात उपयोगी पडल्याचं उदाहरण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या एका ज्युनिअर विद्यार्थ्याची तक्रार व्हिडिओसह केंद्रीय यंत्रणेकडे गेली. तिथून ती कॉलेजकडे आली. त्यानंतर सहा इंटर्न विद्यार्थ्यांवर कारवाई झाली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं.

पोलीस ठाण्यात

घटना पुण्यात झाली आणि तुम्ही कोराडीला राहता, तरी कोराडी ठाण्यात तक्रार देता येते. याला झिरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. "आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर चालत नाही. ठाणं गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवतं. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायचं असतं.

इथे एक अडचण येते. रॅगिंग कायद्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंतच आहे. एवढंच कलम असेल तर ठाण्यात प्रकरण अदखलपात्र म्हणून, म्हणजे एनसी लिहून, मिटवलं जाण्याची शक्यता असते. म्हणून जबाबात "रॅगिंग झालं" एवढं एक वाक्य लिहून येऊ नका. जे जे घडलं ते सगळं सांगा. खोलीत कोंडलं का? भारतीय न्याय संहितेचं कलम १२७. वाट अडवली का? १२६. धमकावून पैसे घेतले का? खंडणीचं कलम ३०८. हाड मोडलं, गंभीर दुखापत झाली का? ११७. मुलीची छेड काढली, कपडे काढायला लावले का? ७४ ते ७७. कायद्याचा नियम असा आहे की अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला, तर सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. मग पोलिसांना तपास करावाच लागतो.

मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांखालची असेल, म्हणजे अकरावी-बारावीला असेल, आणि लैंगिक त्रास झाला असेल तर पॉक्सो कायदा लागतो.

ठाणेदार तक्रार घेत नसतील तर

तक्रार लेखी, स्पीड पोस्टने वरिष्ठांना पाठवा. कोराडी ठाणं नागपूर शहर पोलीस आयुक्तालयात येतं, त्यामुळे इथली तक्रार पोलीस उपायुक्तांकडे. खापरखेडा, सावनेरसारखी ठाणी नागपूर ग्रामीणमध्ये आहेत, तिथली पोलीस अधीक्षकांकडे. तिथेही काही झालं नाही तर कलम १७५ नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि न्यायालय तपासाचे आदेश देऊ शकतं.

उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. रॅगिंग कायद्याच्या गुन्ह्यासाठी घटनेपासून तीन वर्षांपर्यंत कारवाई होऊ शकते. पण पुरावा तेवढा थांबत नाही, म्हणून जितकं लवकर तितकं चांगलं.

जातीवरून त्रास असेल तर

पीडित विद्यार्थी अनुसूचित जाती किंवा जमातीचा असेल आणि त्रास त्यावरून झाला असेल, तर अॅट्रॉसिटी कायदा १९८९ लावायला सांगा. यात गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. तपास पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यानेच करायचा, शहरात सहायक पोलीस आयुक्तांनी. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकावरही कारवाईची तरतूद आहे. पीडित कुटुंबाला समाजकल्याण विभागामार्फत टप्प्याटप्प्याने अर्थसहाय्य मिळतं. जातीचा दाखला तयार ठेवा आणि नेमके कोणते शब्द वापरले ते जसेच्या तसे जबाबात लिहून घ्या. ते शब्द उच्चारायला लाज वाटते म्हणून गाळू नका.

मुलाचा जीव गेला असेल तर

अशा घरावर काय कोसळतं ते शब्दांत सांगता येत नाही. पण नेमक्या त्याच दिवसात काही गोष्टी हातातून सुटतात. त्यामुळे घरातला एखादा सावध नातेवाईक पुढे करा आणि त्याच्याकडे हे काम द्या.

ठाण्यात आधी मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद होते. तेवढ्यावर समाधान मानू नका. रॅगिंगचा संशय असेल तर तो पहिल्याच जबाबात लिहून घ्या. खोलीतलं सामान, वही, मोबाइल, लॅपटॉप पंचनामा झाल्याशिवाय कोणाला हलवू देऊ नका, स्वतःही हलवू नका. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत मागा. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत कॉलेजकडून सामान न्यायला बोलावलं तर दिलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करून घ्या.

आत्महत्येस प्रवृत्त करण्याचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं १०८ आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. मृत विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल तर कलम १०७ लागतं आणि त्यात जन्मठेपेपर्यंत, फाशीपर्यंत शिक्षा सांगितली आहे. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला जुनं भारतीय दंड विधान लागतं. या गुन्ह्यात न्यायालय एक गोष्ट कसून पाहतं : आरोपींच्या वागण्याचा आणि मृत्यूचा थेट संबंध. त्यामुळे शेवटच्या दिवसांतले फोन, मेसेज, मित्रांशी झालेलं बोलणं यांना फार महत्त्व आहे. मुलाच्या वर्गमित्रांचे नंबर लगेच घेऊन ठेवा. परीक्षा झाल्यावर ती पोरं पांगतात.

मारहाणीत मृत्यू झाला असेल तर गुन्हा आणखी गंभीर. ८ मार्च २००९ रोजी हिमाचल प्रदेशातल्या टांडा वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू हा विद्यार्थी सीनियरांच्या मारहाणीत गेला. २०१० मध्ये चौघांना चार वर्षांची शिक्षा झाली. आजची राष्ट्रीय हेल्पलाइन आणि यूजीसीचे विनियम हे अमनच्या मृत्यूनंतरच, २००९ मध्ये उभे राहिले. तमिळनाडूत १९९६ मध्ये पोन नवरसू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा खून झाला होता. त्या खटल्यात मधे आरोपी उच्च न्यायालयातून सुटला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये त्याची शिक्षा पुन्हा कायम केली. पंधरा वर्षं. या लढाया लांबतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

कोर्टात कुटुंबाला काय हक्क?

कायद्यात "पीडित" या शब्दात पालक आणि वारसही येतात. खटला सरकार चालवतं, पण सरकारी वकिलाला मदत करायला न्यायालयाच्या परवानगीने तुम्ही आपला वकील देऊ शकता. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर आधी पीडितांचं म्हणणं ऐकावं लागतं. आरोपी सुटला किंवा कमी कलमात शिक्षा झाली तर तुम्हाला अपील करता येतं.

कॉलेज, विद्यापीठ, पोलीस कोणीच हलत नसेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते.

नुकसानभरपाईसाठी सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ नुसार पीडित भरपाई योजना आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर तिथेच मोफत वकील मिळतो. नागपूरचं प्राधिकरण सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात आहे, तालुक्यालाही समिती असते. हेल्पलाइन १५१००. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणून वडिलांचं उत्पन्न आडवं येत असेल तर अर्ज आईच्या नावाने करा.

"आपसात मिटवून टाका" म्हणाले तर

हे जवळपास प्रत्येक प्रकरणात होतं. कोणी नातेवाईक, कोणी पुढारी, कधी कॉलेजचाच माणूस येतो. "त्यांच्याही पोरांचं आयुष्य आहे", "तुमच्या पोरीचं नाव खराब होईल". कोऱ्या कागदावर किंवा "आमची काही तक्रार नाही" असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. वाचता येत नसेल तर दुसऱ्या दिवशी देतो म्हणा आणि वकिलाला दाखवा. दबाव, धमकी किंवा पैशाची बोलणी झाली तर तीही तारीख घालून लिहून ठेवा आणि पोलिसांना लेखी कळवा.

कॉलेज सोडायचं ठरलं तरी मूळ कागदपत्रं अडवून ठेवायचा कॉलेजला हक्क नाही. यूजीसीने २०१८ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजने चौकशीत काय केलं हे कळत नसेल तर दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जावर रॅगिंगविरोधी समितीच्या बैठकीचा वृत्तांत आणि केलेल्या कारवाईची माहिती मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आपलंच पोरगं आरोपी असेल तर

हेही घरात होऊ शकतं. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांनीही रॅगिंग करणार नाही, करू देणार नाही असं शपथपत्र दिलेलं असतं. आपण न वाचता सही केलेला तो कागद कॉलेजकडे असतो. पोराला म्हणणं मांडायचा हक्क आहे, कॉलेजच्या शिक्षेविरुद्ध कुलगुरूंकडे अपीलही आहे. पण तक्रारदार मुलाच्या घरी जाऊन गयावया करणं, धमकावणं किंवा पैसे देऊ करणं याने पोराचं प्रकरण आणखी बिघडतं. वकिलाला भेटा. आणि पोराला खरं काय ते विचारा.

हे नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा

राष्ट्रीय रॅगिंगविरोधी हेल्पलाइन : १८००-१८०-५५२२
पोलीस, तातडीची मदत : ११२
मानसिक आधार, टेलिमानस : १४४१६
मोफत कायदेशीर मदत : १५१००
अठरा वर्षांखालील मुलांसाठी चाइल्डलाइन : १०९८

प्रवेशाचे दिवस आले की कॉलेजमध्ये फी भरताना तीन गोष्टी विचारून घ्या : रॅगिंगविरोधी समितीत कोण आहेत, वसतिगृहाच्या वॉर्डनचा नंबर काय, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांची खोली सीनियरांपासून वेगळी आहे का. प्रत्येक कॉलेजला समिती आणि पथक ठेवणं बंधनकारक आहे, पथकाने वसतिगृहात अचानक तपासणी करायची असते आणि समितीत पालकांचा प्रतिनिधीही असतो. तुम्ही विचारलंत तर कॉलेजलाही कळतं की या पोराच्या मागे घरचं लक्ष आहे.